न बघता सांगितलेलं पाणी

मोजणीताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं त्या नदीचं पाणी मोजत होत्या. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला काठाच्या पायऱ्या उतरायच्या, पुलाच्या दुसऱ्या खांबावर रंगवलेली पट्टी बघायची, आकडा वहीत मांडायचा आणि पाणी खात्याच्या कचेरीत फोन करून कळवायचा. काम एवढंच. आधी ते त्यांचे यजमान करायचे. ते गेल्यावर साहेबांनी विचारलं होतं, "बाई, तुम्हाला आकडे वाचता येतात ना?"

"आकडे येतात," ताई म्हणाल्या होत्या, "खोटं बोलणं तेवढं जमत नाही."

साहेब हसले आणि वही त्यांच्या हातात दिली. हे बोलणं गावभर झालं. शेजारची इस्त्रीवाली, जिची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा गरम, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या ताईंना वय विचारा, फूट आणि इंचात सांगतील. वर फोन करून कळवतील."

ताई हसून सोडून द्यायच्या. पायऱ्या उतरताना एकेका पायरीला देवाचं नाव घ्यायचं, खांबाकडे बघायचं आणि दिसलं ते सांगायचं. आपल्या हातून देवाला पोचणारी सेवा ती एवढीच, असं त्यांना मनापासून वाटे. ताप असो, पाहुणे असोत, घरात मयत असो, एकही फेरी चुकली नव्हती. म्हणजे अगदी खरं सांगायचं तर एका दिवशी दोन चुकल्या होत्या. त्या कुणाला ठाऊक नव्हत्या, आणि ताई स्वतःही त्या विसरून गेल्या होत्या.

गाव पूर्वी असं देखणं नव्हतं. मोठं शहर दीड तासावर. पूर्वी इथली माणसं पोटापाण्यासाठी तिकडे जायची. आता शहरच शनिवार-रविवार इकडे येतं. ज्या पायऱ्यांवर चादरी आपटल्या जायच्या तिथे छत्र्या लावून लोक कॉफी पितात. नदीकाठच्या खालच्या आळीतली घरं, ज्यांत मुलगी द्यायला लोक नाखूश असायचे कारण "पाणी कधी घरात शिरेल नेम नाही", तीच घरं आता लोक फोटोसाठी शोधत येतात. भिंती फिक्या पिवळ्या, दारं निळी, खिडकीखिडकीत कुंड्या. यंदा उन्हाळ्यात नगर समितीने काठाचं रूपच पालटलं. जुन्या झिजलेल्या पायऱ्यांवर नवा दगड बसला. पुलाच्या खांबांचं शेवाळलेलं पलस्तर खरवडून नवं केलं आणि त्यावर पट्टीचे आकडे ठसठशीत निळ्या रंगात काढले, बाजूला लाटांची नक्षी. पुलावर एक कॅमेराही बसवला. शहरातले लोक घरबसल्या फोनवर नदी बघतात म्हणे.

ताईंचं घर खालच्या आळीत शेवटून दुसरं. शेवटचं, सगळ्यांत सखल, ते इस्त्रीवालीचं. ताईंच्या लेकीने वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या थाटल्या होत्या. जावई शहरात नोकरीला. ते सहाला जायचे, आठला यायचे. खोल्यांचं सगळं लेकच बघायची. तिने त्या खोल्यांवर जीव टाकला होता. उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे, एवढंच काय, जिन्यातला दिवा कुठल्या रंगाचा असावा यावरसुद्धा ती आठवडाभर विचार करायची.

त्या शनिवारी तिन्ही खोल्या भरल्या होत्या. एकीत नवं जोडपं, एकीत दोघी मैत्रिणी आणि रस्त्याकडच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. गावात लख्ख ऊन. थेंब नाही. पण वर डोंगरात दोन दिवस धो धो कोसळत होता आणि वरचं धरण काठोकाठ आलं होतं. नदीला मातकट रंग चढला होता. पाहुणे पायऱ्यांवर उभे राहून तिच्याकडे पाठ करून फोटो काढत होते.

नऊला पट्टीवर नऊ फूट होतं. बाराला साडेदहा. ताईंनी आकडा कळवला. कचेरीतला कारकून त्यांच्या भाच्याच्या वयाचा, तो त्यांना मावशी म्हणायचा.

"साडेदहा ना मावशी? मग ठीक. एक वाजता चार दरवाजे उघडतोय. तासाभरात तुमच्याकडे पाणी पोचेल, दोन फूट चढेल. साडेदहा आणि दोन, साडेबारा. तुमच्या आळीचे उंबरे तेराला भिजतात, म्हणजे अर्धा फूट राखून आहे. पट्टीवर बारा झाले की भोंगा वाजवू, नियमापुरता."

"बरं बाबा. तुझ्या तोंडात साखर."

ताई घरी आल्या, हातपाय धुतले आणि ताटावर बसल्या. दोन घास पोटात गेले असतील नसतील, मागच्या मोरीतून आवाज आला. गुळुक.

लेकीने काही अडकवलं असेल, असं त्यांना वाटलं. पुन्हा गुळुक. मग गुळगुळ थांबेचना. ताई उष्ट्या हाताने उठून बघायला गेल्या. मोरीच्या जाळीतून काळं पाणी फेसासकट वर येत होतं, थोडं मागे जात होतं, पुन्हा वर येत होतं.

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

लग्न होऊन या घरात आल्या त्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी त्यांना हे शिकवलं होतं. "मोरी बोलली की बारा झाले, उंबरा भिजला की तेरा. मोरी बोलली की घड्याळ बघत बसायचं नाही, गाठोडी बांधायची." त्या मोरीचं भोक नदीकडे उघडत होतं. इतक्या वर्षांत पाच वेळा मोरी बोलली होती, आणि पाचही वेळा पट्टीवर बरोबर बारा फूट होतं. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही.

आज पट्टीवर साडेदहा होतं.

ताई तशाच अनवाणी पायऱ्यांकडे धावल्या. वाटेत इस्त्रीवालीने हटकलं, "काय गं ताई, आकडा विसरलीस काय खाली?" त्या थांबल्या नाहीत. नव्या दगडाच्या पायऱ्या ओल्या होत्या. खांबावर निळा आकडा स्वच्छ दिसत होता: दहा आणि वर सहा इंच, फार तर सात.

आता दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. पट्टी तरी नाहीतर मोरी तरी. आणि मोरीला कुणी नवा रंग दिला नव्हता.

एकदा हे डोक्यात आलं मात्र, उन्हाळ्यातली ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. लेकीचे पहिले पाहुणे संध्याकाळी यायचे होते. बारा अभ्र्यांना झालर लावायची राहिली होती. ताई वरच्या गॅलरीत बसून सुईने झालर टाचत होत्या, बाराची फेरी मागे पडली होती. आठवडाभर नदी साडेचारवर स्वस्थ होती, हलत नव्हती, डुलत नव्हती. खालून रंगाऱ्याने आरोळी दिली. तो नावेत उभा, जुन्या पट्टीचं पलस्तर खरवडून साफ, हातात नवी फूटपट्टी. त्याला एक खूण हवी होती. एक मिळाली की तिच्यावरून बाकीचे आकडे वर-खाली मोजून काढता येतात.

"ताई, आज पाणी किती?"

आणि ताईंनी सुईवरून मान वर न करता सांगितलं होतं, "साडेचार!"

संध्याकाळची फेरीही पाहुण्यांच्या गडबडीत राहिली. वहीत दोन्ही वेळचे साडेचार मांडले आणि कळवून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेल्या तर पट्टीवर तीन. रंगारी खालचे उरलेले आकडे काढत होता. "पाणी उतरलं ताई रात्रीत," तो म्हणाला. ताईही म्हणाल्या, "उतरलं असेल."

उतरलं असेल. त्यांनी बावीस वर्षांत नदीबद्दल 'असेल' हा शब्द वापरला नव्हता.

पुलावरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते. एकला दरवाजे उघडणार. खरं पाणी आत्ताच बारा असेल तर दोन फुटांनी चौदा होणार, म्हणजे उंबऱ्यांवर एक फूट, आणि वरून डोंगराचं येणारं वेगळंच. इस्त्रीवालीच्या घरात तर मांडीपर्यंत. तिथे तिचे सासरे चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांची खाट गुडघ्याएवढी.

ताईंनी पदराने हात पुसून फोन लावला. लाइन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लागेना. "देवा, मला शिक्षा कर, पण आधी फोन लागू दे," त्या पुटपुटल्या. तिसऱ्यांदा घंटा वाजली.

आणि तेवढ्या दोन घंटांच्या अंतरात मनाने आपली वाट शोधली. मन मोठं लबाड. ते म्हणालं, पट्टी चुकली हे कशाला सांगतेस? नुसतं बारा सांग. पाणी झरझर चढलं म्हणावं. भोंगा होईल, आळी रिकामी होईल, सगळे वाचतील आणि झाकली मूठ झाकलेलीच राहील. माणसं वाचवण्यासाठीच तर सांगायचं आहे. यात पाप कसलं?

"हॅलो, मावशी? परत कशा?"

"अरे, पाणी चढलंय. बारा झालं."

कारकून हसला. "मावशी, चष्मा बदला. पुलावरचा कॅमेरा माझ्यासमोर उघडा आहे. साडेदहा आणि वर बोटभर. तुम्हीही दिसताय पायरीवर, पायात चप्पल नाही."

ताईंनी वर बघितलं. पुलाच्या कठड्यावरून तो काळा डोळा त्यांच्याकडेच बघत होता. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खोटं जमत नाही म्हणून ज्या बाईची गावात टिंगल व्हायची तिचं आयुष्यातलं दुसरं खोटं अर्ध्या मिनिटात पकडलं गेलं होतं.

"मावशी, ठेवू का? गडबड आहे इथे."

"ठेवू नको!" त्या ओरडल्या. पायऱ्यांवरच्या पाहुण्यांनी वळून बघितलं. "मी आत्ता खोटं बोलले. पट्टी साडेदहाच दाखवते. पण पट्टी चुकीची आहे. पाणी खरोखर बारा आहे. माझ्या घरची मोरी उलटली आहे."

"मोरी?" कारकुनाला काही कळेना. "मावशी, मी कागदावर काय लिहू? पट्टी साडेदहा, मोरी बारा? साहेब मला बाहेर काढतील."

"साहेबांना दे फोन."

"ते दरवाज्यांच्या गडबडीत आहेत."

"म्हणून तर दे!"

मागे पावलं वाजली. आईला अनवाणी पळताना बघून लेक मागोमाग आली होती. हात पिठाचे. "आई, काय झालं? पाहुणे बघताहेत."

ताईंनी हाताने तिला थांबवलं. फोनवर साहेबांचा आवाज आला. हे नवे साहेब, तुटक बोलणारे. "हं, बोला. पट्टी चुकीची कशावरून?"

"उन्हाळ्यात नवी रंगवली तेव्हा रंगाऱ्याने मला त्या दिवशीचं पाणी विचारलं. मी साडेचार सांगितलं. त्याने तिथूनच मोजून आकडे काढले."

"मग?"

"मी त्या दिवशी खाली गेले नव्हते. न बघता सांगितलं."

साहेबांनी विचारलं, "तारीख?"

ताईंनी तारीख सांगितली. मागे लेकीचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला. ती तारीख लेकीला पाठ होती. तिच्या पहिल्या पाहुण्यांचा दिवस. तिला ती गॅलरी आठवली असेल, मांडीवरचे अभ्रे आठवले असतील. पिठाचे हात तिने हळूच कमरेमागे नेले.

"का नाही गेलात?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी लेकीकडे बघितलं नाही. "कंटाळा केला," त्या म्हणाल्या.

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. कारकून मागून काही सांगत होता. मग साहेबांचा आवाज बदलून आला. "त्या दिवशी सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत आम्ही शहरासाठी जादा पाणी सोडलं होतं. तुमच्याकडे दीड फूट चढायलाच हवं होतं. तुमचा आकडा साडेचार, आणि पाणी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी तीन. आम्ही चढ तपासलाच नाही; दीड फूट उतरलेलं बघून म्हटलं, जुळलं." ते थांबले. "म्हणजे त्या दिवशी पाणी सहा होतं. तुम्ही सहाला साडेचार म्हणालात."

"हो साहेब."

"तेव्हापासून रोज तीन वेळा चुकीचा आकडा."

"हो."

"बाई, तुम्हाला कळतंय का, काय..." त्यांनी वाक्य गिळलं. रागावण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. "ऐका. दरवाजे बंद ठेवता येणार नाहीत. धरण फुगलंय. एकऐवजी दीडला उघडतो, आधी दोनच. पाणी तुमच्याकडे अडीचपर्यंत पोचेल आणि मग चढतच राहील. भोंगा आत्ता वाजवतो. खालची आळी रिकामी झाली पाहिजे. आणि हे सगळं तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

"देते. आधी भोंगा वाजवा."

भोंगा वाजला. आळीतली माणसं दारात आली, आणि दारातच उभी राहिली. कुणी हललं नाही. सगळ्यांच्या हातात फोन, आणि फोनवर पुलाचा कॅमेरा. "साडेदहा तर आहे!" "नगर समितीची रंगीत तालीम असेल." वरच्या खोलीतल्या दोघी मैत्रिणी भोंग्याचा आवाज फोनमध्ये भरून घेत होत्या. नावाडी काठावर विडी ओढत म्हणाला, "पट्टीवर बारा झाल्याशिवाय भोंगा नाही, हा नियम. नियम मोडून भोंगा वाजतो म्हणजे कुणाच्या तरी बोटाची चूक."

ताईंच्या लक्षात आलं, की फोनवर कबूल करून भागणार नव्हतं. साहेबाला सांगितलं तेच आता दारोदार सांगावं लागणार होतं. लोकांनी आजवर पट्टीवर नव्हे, त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. तोच मोडल्याशिवाय लोक उठणार नव्हते.

त्या आळीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि ओरडल्या.

"पट्टी खोटी आहे! मी रंगाऱ्याला न बघता आकडा सांगितला म्हणून खोटी झाली. पाणी बारा आहे. ज्याला पटत नसेल त्याने घरात जाऊन आपली मोरी बघावी!"

दोन-चार जण आत गेले. गेले तसे बाहेर आले, पण चेहरे बदलून. मग एकच धांदल उडाली. नावाड्याने विडी फेकली.

लेक एव्हाना जिन्यात होती. ताईंना वाटलं होतं ती भांडेल, रडेल. निदान विचारेल तरी. तिने काहीच केलं नाही. तिचा आवाज वरून ऐकू येत होता, ठाम आणि कोरडा. "सामान उचला. नाही, चहा आता नाही. वर टेकाडावर शाळा आहे, तिकडे चला. हो, मला माहीत आहे तुम्ही उद्यापर्यंत राहणार होता. चला म्हणते ना!"

ताई शेवटच्या घरात शिरल्या. इस्त्रीवाली टेबलाशी उभी, हातात इस्त्री, समोर कुणाचा तरी पांढरा शर्ट.

"उचल सासऱ्यांना," ताई म्हणाल्या.

"नाही उचलत." इस्त्रीवालीने इस्त्री आपटून ठेवली. "दोन वर्षांपूर्वी असाच भोंगा वाजला. अकरा माणसांनी अकरा तऱ्हेने ओढत वर नेलं त्यांना. पाणी आलं नाही, आलं काय तर त्यांच्या पाठीला फोड. तीन महिने मी ती जखम धुतली, तुम्ही कुणी नाही. आता परत? कुणाच्या शब्दावर? तुझ्या? आत्ता तर चव्हाट्यावर सांगितलंस की तुझा शब्द खोटा!"

ताई म्हणाल्या, "स्वतःची लाज घालवून कुणी खोटं बोलतं का गं?"

इस्त्रीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. खोलीच्या कोपऱ्यातून गुळुक असा आवाज आला. तिने तिकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या खाटेकडे, मग खाटेच्या चार बुटक्या पायांकडे.

"तुझं वाटोळं होवो," ती म्हणाली आणि टेबलावरचे कपडे एका हाताने झाडून खाली पाडले. "खाट दारातून निघत नाही. टेबल निघतं. धर त्या बाजूने."

इस्त्रीच्या टेबलावर जाड घोंगडी होतीच. म्हाताऱ्याला चादरीसकट उचलून त्यावर ठेवलं. एका टोकाला नावाडी आणि निवृत्त मास्तर, दुसऱ्याला लेक आणि इस्त्रीवाली. ताई उशी धरून बाजूने चालत होत्या. म्हाताऱ्याची वाचा बरीचशी गेलेली होती, पण शब्द ओळखू येत. आभाळाकडे बघत तो म्हणाला, "सुने, आता मलाच इस्त्री मारतेस काय?"

"तुमच्या सुरकुत्या जायच्या नाहीत मामंजी," ती धापा टाकत म्हणाली, "गप पडून राहा."

मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेकाडावर जाणाऱ्या पायऱ्यांचा चढ लागला. इथेही नवा दगड, गुळगुळीत. मध्यावर मास्तरांचा पाय घसरला, टेबल कललं, म्हाताऱ्याच्या तोंडून एक आवाज निघाला. ताईंनी उशी टाकून टेबलाचा पाय पकडला. त्यांच्या बोटांवर सगळं ओझं आलं. क्षणभर वाटलं, सुटतंय. "देवा, हा जीव माझ्या वहीत मांडू नको," त्या दातांत बोलल्या. नावाडी खाली बसला, खांदा दिला, टेबल सरळ झालं. वर पोचले तेव्हा ताईंच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती.

पाणी अडीचला आलं. शाळेच्या खिडकीतून सगळी आळी दिसत होती. लाट वगैरे काही नाही. नदी नुसती रुंद झाली, कुणी घरात पाय पसरावेत तशी. पायऱ्या गेल्या, छत्र्या गेल्या, मग उंबरे. साडेतीनला साहेबांना उरलेले दोन दरवाजे उघडावे लागले. चारच्या पुढे इस्त्रीवालीच्या घराची खिडकी अर्धी बुडाली. आत खाट तरंगत असणार, ते कुणी बोलून दाखवलं नाही. खांबावरची निळी पट्टी साडेतेरा दाखवत होती. शहरातले लोक आपापल्या घरी बसून तोच आकडा बघत असतील.

सगळ्यांची डोकी मोजली. एकही कमी नव्हतं. मास्तरांची बायको पुन्हा एकदा मोजून आली.

माणसं जिवंत आहेत म्हटल्यावर मग वस्तू आठवायला लागतात. शिवणयंत्र. फ्रिज. लग्नातला फोटो. कुणी सुस्कारे टाकत होतं, कुणी शहरातल्या नातेवाइकांना फोन करत होतं. एका कोपऱ्यात रंगारी गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याचंही घर आळीतच होतं.

"याने माती खाल्ली आणि आपल्या घरांत गाळ," नावाडी त्याच्याकडे बोट करून म्हणाला. "लाटा काढायला वेळ होता, पट्टी नीट काढायला नव्हता."

रंगाऱ्याने मान आणखी खाली घातली. ताई भिंतीला टेकून होत्या, त्या पुढे आल्या.

"त्याने विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं. त्याची पट्टी इंचाला इंच बरोबर आहे. चुकीचा होता तो माझा पहिला आकडा. बोलायचं असेल ते मला बोला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माणसं नुसती दुसरीकडे बघायला लागली. लेक दाराशी पाहुण्यांच्या बॅगा रचत होती. तिने एकदा आईकडे बघितलं, ओठ हलले, पण तेवढ्यात कुणीतरी तिला पाणी मागितलं आणि ती गेली.

सहाला पाच कमी असताना ताई सवयीने उठल्या. वही कमरेला होतीच. पाण्यातून पुलापर्यंत जाता येणार नव्हतं, पण शाळेच्या गच्चीवरून खांब दिसत होता. दिसेल ते वाचायचं आणि वर दीड फूट मिळवायचं. त्या दारापर्यंत गेल्या आणि फोन वाजला.

"मावशी," कारकून अडखळत म्हणाला, "सहाचा आकडा नको."

"मी गच्चीवरून बघते रे. दीड फूट मिळवून..."

"तसं नाही. साहेब म्हणताहेत, कॅमेऱ्यावरून आम्हीच घेऊ. सोमवारी मोजणीचं यंत्र घेऊन माणूस येईल. वही त्याच्याकडे द्या." तो थांबला. "साहेबांनी वर कळवताना एवढंही लिहिलंय मावशी, की तुम्ही सांगितलं नसतं तर एकला चारही उघडले असते. पण काम... काम नाही ठेवता येणार."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "त्यांचं बरोबरच आहे."

फोन ठेवला. सगळ्यांनी ऐकलं होतं. सहा वाजून गेले. ती एक संध्याकाळ सोडली तर बावीस वर्षांत या वेळेला त्या कधी घरात नव्हत्या, आणि आज तर घरही नव्हतं. कुठे उभं राहावं, हाताचं काय करावं, त्यांना कळेना. बाकांवर जागा होती, पण कुठल्याच बाकाशी जायचं धाडस होईना.

इस्त्रीवाली सासऱ्यांच्या टेबलाशेजारी लहान मुलांच्या एका बुटक्या बाकावर बसली होती, गुडघे हनुवटीला लागलेले. तिच्या घरातलं एक भांडंसुद्धा कोरडं उरलं नव्हतं. तिने ताईंकडे बराच वेळ रोखून बघितलं.

"बस," ती म्हणाली.

ताई हलल्या नाहीत.

"बस म्हणते ना. तू उभी राहिलीस म्हणून पाणी उतरणार आहे का?"

ताई जाऊन बसल्या. बाक दोघींना पुरत नव्हता; खांद्याला खांदा लागत होता. इस्त्रीवाली त्यानंतर तासभर एक शब्द बोलली नाही. पण सरकूनही बसली नाही.